वसईत एवढा वारा, मग पवनचक्की का नाही?



ऊर्जेचे स्रोत हा घटक आला की पवनचक्कीचं चित्र येतं आणि त्याच्यासोबत एक ठरलेलं वाक्य येतं. "समुद्रकिनारी व मोकळ्या जागी वारा जास्त असतो, म्हणून तेथे पवनचक्क्या उभारतात." मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळतात.

पण आमच्या वसई-विरारकडच्या वर्गात हे वाक्य टिकत नाही. मुलं रविवारी अर्नाळ्याला, राजोडीला, सुरुची बागेत जाऊन आलेली असतात. समुद्र आहे, वारा आहे, भेळेचा कागद हातात राहत नाही एवढा वारा आहे. पवनचक्की मात्र एकही नाही. आणि त्याच वर्गात पाटणकडची एखादी मुलगी असते, जी दर मे महिन्यात गावाला जाते. तिच्या गावाकडे समुद्र नाही, नुसते डोंगर, आणि डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा. डी.एड.ला पाठटाचण लिहिताना आपण 'पूर्वज्ञान' असा एक रकाना भरायचो, आठवतंय ना? इथे मुलांचं पूर्वज्ञान पुस्तकाच्या वाक्याशी सरळ भांडतं. 'मोठ्या वर्गात गेल्यावर कळेल' असं म्हणून हे भांडण मिटवू नये. पवन ऊर्जेचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे.

पंखा वारा देतो, पवनचक्की वारा घेते

आधी एक गैरसमज दूर करू. पहिली ते सातवीपर्यंतच्या मुलांना पवनचक्कीचं काम विचारा. निम्मी मुलं सांगतील, 'ती वारा सोडते'. त्यांची चूक नाही. घरातला पंखा तसाच दिसतो. म्हणून फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात. पंख्यात वीज जाते, वारा बाहेर येतो. पवनचक्कीत वारा जातो, वीज बाहेर येते. म्हणजे पवनचक्कीच्या मागचा वारा पुढच्यापेक्षा मंद असतो, कारण त्यातली थोडी ऊर्जा पात्यांनी काढून घेतलेली असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पावसाच्या गोष्टीत तो कामाला येणार आहे.

वीज तयार होते ती जनित्रात. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चुंबक, दोघांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरत राहिलं की तारेत वीज वाहू लागते. मायकेल फॅरडेने हे १८३१ मध्ये दाखवून दिलं. जुन्या सायकलच्या चाकाला घासणारा डायनॅमो ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आजच्या मुलांनी तो पाहिलेला नाही, घरात कुठे पडला असेल तर शाळेत जरूर आणा.

गंमत म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातच याची दोन मोठी उदाहरणं आहेत. तारापूरला १९६९ पासून युरेनियमच्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात. डहाणूच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करतात. कोयनेला वाफच नाही, उंचावरून सोडलेलं पाणी असतं. साताऱ्याच्या पठारावर पाणीही नाही, नुसता वारा. चौघांचा शेवट सारखाच. काहीतरी फिरतं आणि ते जनित्राला फिरवतं. मुलांना विचारा, 'फिरवतंय कोण?' युरेनियम, कोळसा, पाणी, वारा हे चार शब्द त्यांचे तेच लिहून काढतात आणि ऊर्जास्रोत या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

पातं ढकललं जात नाही, उचललं जातं

जत्रेतलं भिरभिरं वाऱ्याच्या धक्क्याने फिरतं. मोठ्या पवनचक्कीचं पातं मुख्यतः धक्क्याने फिरत नाही. त्याचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो, एक बाजू जास्त फुगीर, दुसरी कमी. त्यावरून वारा जाताना दोन बाजूंच्या हवेच्या दाबात फरक पडतो आणि पातं कमी दाबाच्या बाजूला ओढलं जातं. मुलांना संक्रांतीचा पतंग आठवायला सांगा. पतंग वाऱ्याबरोबर नुसता वाहून जात नाही, वर चढतो. कन्नी बांधताना कोन चुकला की तोच पतंग गटांगळ्या खातो. पात्यांचाही कोन असाच महत्त्वाचा, आणि तो आतली यंत्रणा वाऱ्याप्रमाणे बदलत राहते.

लांबून पवनचक्की संथ दिसते. ८० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला साधारण १६ फेरे घेतं असं धरू. पात्याचं टोक एका फेऱ्यात सुमारे २५० मीटर जातं, मिनिटाला ४ किलोमीटर, म्हणजे तासाला २४० किलोमीटर! आपली विरार फास्ट याच्या निम्म्या वेगानेही धावत नाही. सहावी-सातवीला परीघ शिकवताना हे गणित मी आवर्जून देते. गोठ्याला कुंपण घालण्याच्या गणितापेक्षा मुलं यात जास्त रमतात.

मिनिटाला १६ फेरे जनित्राला पुरत नाहीत. त्याला बहुतेक यंत्रांमध्ये हजार-पंधराशे फेरे लागतात. म्हणून खांबाच्या टोकावरच्या त्या पेटीवजा खोलीत गिअरबॉक्स असतो. सायकलचं पुढचं मोठं दातेरी चाक एकदा फिरलं की मागचं लहान चाक दोन-तीनदा फिरतं, तेच तत्त्व. काही नव्या यंत्रांत गिअरबॉक्स नसतो, त्याऐवजी मोठ्या घेराचं जनित्र असतं. तीच पेटी मोटरच्या मदतीने वाऱ्याकडे तोंड वळवते. तयार झालेली वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये जास्त दाबाची होऊन उपकेंद्राकडे जाते आणि तिथून राज्याच्या जाळ्यात मिसळते. त्या जाळ्यात मिसळल्यावर कुठली वीज कोळशाची आणि कुठली वाऱ्याची, हे वेगळं ओळखता येत नाही. पवनचक्कीच्या पायथ्याच्या गावालाही तिची वीज थेट मिळत नाही.

आठपटीचं गणित

आता मूळ प्रश्न. एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ किलो असतं. ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच वर्गखोलीत १०८ घनमीटर हवा, म्हणजे जवळपास १३० किलो. हवेला वजन असतं हे वाक्य मुलं ऐकून सोडून देतात, १३० किलो म्हटल्यावर छताकडे बघायला लागतात.

आपल्या ८० मीटर व्यासाच्या चक्राचं क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस मीटर. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा त्यातून जात असेल तर दर सेकंदाला ३०,००० घनमीटर, म्हणजे ३६ टन हवा आरपार जाते. आता वारा दुप्पट झाला, सेकंदाला १२ मीटर. पहिली गोष्ट, तेवढ्याच वेळात दुप्पट हवा येते. दुसरी गोष्ट, वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलो हवेतली गतिज ऊर्जा चौपट होते. दोन गुणिले चार, आठ. वारा दुप्पट तर ऊर्जा आठपट. उलट, वारा निम्मा झाला तर ऊर्जा आठवा हिस्सा.

आकड्यांत बघा. यंत्र वाऱ्यातली ४० टक्के ऊर्जा घेतं असं धरलं तर १२ मीटरच्या वाऱ्यात सुमारे २ मेगावॅट मिळतात. ६ मीटरला २६० किलोवॅट. ३ मीटरला फक्त ३२ किलोवॅट, आणि एवढ्या मंद वाऱ्यात मोठी यंत्रं जेमतेम फिरू लागतात. याच्या उलट टोकाला, सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वारा झाला की यंत्र स्वतःहून थांबतं, नाहीतर मोडेल.

चाळीसच टक्के का? सगळी ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यांच्या मागे जागीच उभी राहील आणि नव्या वाऱ्याला वाट मिळणार नाही. विरार लोकलमधून उतरलेली माणसं दारातच थांबली तर मागच्यांनी उतरायचं कसं? तसंच हे. जास्तीत जास्त ५९ टक्के ऊर्जाच काढता येते हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी गणिताने सिद्ध केलं. प्राथमिकच्या मुलांना हे सांगायची गरज नाही, पण शिक्षकाला ठाऊक असावं. दहावीच्या 'हरित ऊर्जेच्या दिशेने' या पाठापर्यंत पोचलेलं मूल हमखास विचारतं.

आता वसईकडे या. आपल्याला जाणवणारा वारा आणि पवनचक्कीला हवा असलेला वारा यांत फरक आहे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे सुखद असतात, पण संध्याकाळनंतर पडतात. रात्रीचे मतलई वारे त्याहून मंद. पावसाळ्यात वारा जोरात असतो, पण तो तीन-चार महिने. शिवाय आपला किनारा सखल. समुद्रावरून आलेला वारा जमिनीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच सुरूची झाडं, माडांच्या वाड्या, मग बंगले आणि मग नालासोपाऱ्याच्या इमारती त्याला अडवतात. दीडपट वेग म्हणजे ऊर्जा सव्वातीनपटीहून जास्त, हे गणित एकदा कळलं की वेगात थोडीशी घट केवढी महाग पडते ते समजतं. त्यातून दोन पवनचक्क्यांमध्ये काहीशे मीटर अंतर ठेवावं लागतं आणि घरांपासूनही लांब राहावं लागतं. एवढी मोकळी जागा आपल्याकडे कुठे उरली आहे?

एखादं हुशार मूल म्हणेल, 'मग तुंगारेश्वरच्या डोंगरावर लावा!' त्याला शाबासकी द्या, कारण उंचीचा मुद्दा त्याला कळला. पण तुंगारेश्वर अभयारण्य आहे, घनदाट झाडी आहे. चाळीस मीटर लांबीचं अखंड पातं वर न्यायचं तर किती रुंद रस्ता लागेल आणि किती झाडं जातील, याचा विचार त्यालाच करायला सांगा.

सातारा आणि देवगड

पुस्तकातलं 'समुद्रकिनारी' अगदीच चूक नाही. भारतात १९८६ मध्ये पहिले पवन ऊर्जा प्रकल्प उभे राहिले ते महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनारी भागांतच, ५५ किलोवॅटच्या छोट्या यंत्रांनी. आमच्या वर्गातल्या देवगडच्या मुलांनी तिथल्या पवनचक्क्या पाहिल्या आहेत. पण देवगड आणि वसई यांत फरक काय? देवगडला समुद्रालगत उंच कातळाचा सडा आहे. खाली समुद्र, वर उघडा माळ, वाऱ्याला अडवायला कोणी नाही.

साताऱ्याची गोष्ट याहून मोठी. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या भिंतीवर जवळपास काटकोनात आदळतो. त्याला वर चढावं लागतं आणि माथ्यावरून जाताना तो दाटून वेगाने निघतो. बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं. चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही पठारं समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहेत, वर जांभा कातळ, गवत आणि रानफुलं, मोठी झाडं नाहीत. एवढ्या उंचीवर हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, तेवढा तोटा होतो, पण वेगातून मिळणारा फायदा कितीतरी जास्त. वनकुसवड्याचं पवन ऊर्जा केंद्र २५० मेगावॅटहून मोठं आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल आणि सांगलीतलं ढालगाव हीदेखील राज्यातली मोठी केंद्रं. तिघांपैकी एकालाही समुद्र दिसत नाही.

वनकुसवड्याच्या पठाराखाली कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला आहे. नकाशावर हे मुलांना दाखवाच. जो मोसमी वारा वर पाती फिरवतो तोच खाली धरण भरतो. तारांच्या जाळ्यात वीज साठवता येत नाही, जेवढी वापरली जाते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. वारा हुकमाचा नाही, पण १,९६० मेगावॅटची कोयना काही मिनिटांत सुरू करता येते. वारा असताना पाणी राखायचं, वारा पडला की पाणी सोडायचं, अशी जोडी जमवता येते. 'वारा पडला तर वसईत अंधार होणार का?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

पालकांसाठी एक हिशेब. २ मेगावॅटचं यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीने चालत नाही. पूर्ण क्षमतेच्या पाचवा हिस्सा वीज मिळाली असं धरू. वर्षाचे ८,७६० तास, त्यानुसार सुमारे ३५ लाख युनिट. महावितरणच्या बिलावर महिन्याला १५० युनिट असतील तर वर्षाला १,८००. म्हणजे एक यंत्र जवळपास १,९०० घरांना पुरतं. आपल्या बिलावरचा आकडा घेऊन हा भागाकार मुलांकडून करून घ्या.

पवनचक्की पाऊस पळवते का?

सातारा-सांगलीकडे दुष्काळी वर्षांत हा समज जोरात पसरला होता आणि आजही गावाहून परतलेली मुलं तो वर्गात आणतात. 'आजोबा म्हणाले, पवनचक्क्या ढग उडवून लावतात.' हसू नका. आजोबांचं शेत खरोखर वाळलेलं असतं.

पण बघा, हा समज त्या पंख्याच्या चित्रातूनच येतो. पवनचक्की वारा सोडते असं मानलं तर ती ढग उडवेल हेही पटतं. ती वारा सोडत नाही, थोडा मंद करते. पावसाळ्यात पठारावर ढग पात्यांपर्यंत उतरतात हे खरं, पण मोसमी वाऱ्याचा थर काही किलोमीटर जाडीचा असतो. त्यातल्या तळाच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये, तेही विखुरलेल्या ठिकाणी, पाती फिरतात. आणि माण-खटाव कोरडे आहेत ते पर्जन्यछायेमुळे. सह्याद्री ओलांडताना ढग पश्चिमेलाच रिते होतात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या पठारांवर एकही पवनचक्की नव्हती. हे साल मुलांना सांगा आणि पुढचा तर्क त्यांना करू द्या.

एक मात्र सांभाळा. पावसाचा समज चुकीचा म्हणून गावकऱ्यांच्या बाकीच्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. जमिनीला भाव काय मिळाला, चराईचा माळ किती गेला, गावातल्या किती जणांना काम मिळालं, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरं विज्ञानाच्या पुस्तकात नाहीत.

निसर्गालाही किंमत मोजावी लागते. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. शिकारी कमी झाल्यामुळे तिथल्या सरड्यांची संख्या बरीच वाढली होती, पण ते सरडे बारीक होते आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंगही फिके होते. अन्नसाखळी शिकवायला याहून चांगलं आपल्या राज्यातलं उदाहरण मला सापडलेलं नाही. या सरड्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावही २०१६ मध्ये आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरूनच ठेवलं गेलं आहे. वर्गात एकदा सांगून बघा, हे नाव मुलं विसरत नाहीत.

वर्गात करून बघण्यासाठी

बिघडलेल्या खेळण्यातली छोटी मोटर काढा. तिच्या दांड्याला प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेली तीन-चार पाती तिरकी बसवा. मोटरच्या दोन तारा मल्टिमीटरला जोडा आणि जाळी असलेल्या टेबल फॅनसमोर धरा. अनेक जण मल्टिमीटरऐवजी एलईडी जोडतात आणि तो लागत नाही म्हणून प्रयोग सोडून देतात. लाल एलईडीलासुद्धा पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, तेवढे अशा मोटरमधून सहसा मिळत नाहीत. मल्टिमीटर मात्र अर्धा व्होल्टही दाखवतो. फॅन एकवर, दोनवर, तीनवर ठेवून आकडे लिहा. मग पाती सपाट करा, चक्र फिरेनासं होईल. मग तोंड वाऱ्यापासून वळवा. प्रत्येक वेळी आधी मुलांना अंदाज सांगायला लावा, मग बटण दाबा.

सहल किंवा गावाकडचा प्रवास असेल तर साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघरमार्गे चाळकेवाडीला जाता येतं. पायथ्याशी उभं न राहता लांबूनच एका पात्यावर नजर ठेवून मिनिटाला किती फेरे होतात ते मोजायला सांगा. जुन्या लहान यंत्रांचे फेरे जास्त भरतील आणि मोठ्यांचे कमी, असं का, हे मुलांनी परीघाच्या गणितावरून शोधायचं. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि पाऊस इतका असतो की कधी कधी पाती दिसतच नाहीत, नुसता सूं सूं आवाज येतो. डिसेंबरमध्ये गेलात तर आकाश स्वच्छ, पण बरीचशी चक्रं थांबलेली दिसतील. मुलं म्हणतील, 'बाई, ही तर बंद पडलीत.' तेव्हा त्यांना त्या दिवशीचा वारा विचारा आणि आठपटीचं गणित तिथेच, पठारावर बसून, एकदा उलट्या बाजूने करून घ्या.